उजेडाला लावलेलं कुलूप

"सिद्धेशनं लाइट चालू करून दिली. तू आता रविवारी नाही आलास तरी चालेल," आई फोनवर म्हणाली, आणि धम्मरत्नच्या छातीत काहीतरी करपल्यासारखं झालं.

चालेल! चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला असलेला सख्खा मुलगा, आणि त्याच्यावाचून चालेल.

आई राहते, देहूरोडच्या त्या पत्र्याच्या घरांच्या रांगेत एकेकाळी कुणाचा पंखा बंद पडला, की "रत्नाला हाक मारा" व्हायचं. तो रावेतच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला आणि ती हाक शेजारच्या सिद्धेशकडे गेली. सिद्धेशही चाकणलाच, दुसऱ्या कंपनीत, तेच काम. वयानं धाकटा, हसरा. बोलावलं की हातातला चहा तसाच ठेवून धावणारा. धम्मरत्न आधी दहा प्रश्न विचारी, मेन बंद करायला लावी, आभाळ कडाडत असलं तर "वादळ ओसरू द्या" म्हणे. लोकांना उजेड हवा असे, हा त्यांना अंधारात बसवी.

आईच्या घरातला, करंट गळला की आपोआप पडून लाइट तोडणारा ट्रिप स्विच अलीकडे सारखा पडत होता. ती फोन करी, तो म्हणे, "रविवारी येतो." रविवारी ओव्हरटाइम निघे. नाहीतर झोप.

त्या फोननंतरच्या शनिवारी मात्र तो शिफ्टवरून थेट तिकडेच गेला. स्विच बघायला नाही, सिद्धेशचं काम बघायला. देहूच्या बाजूनं वळवाचं काळं आभाळ चढून आलं होतं. तो रांगेत शिरेपर्यंत पाऊस पत्र्यांवर बडवायला लागला. आईच्या घरी दिवा लख्ख, पंखा गरगर. त्यानं लोखंडी दार ढकललं आणि झटक्यासरशी हात मागे घेतला.

"आई, दाराला हात लावू नकोस!"

"अरे, पाऊस आला की चावतं ते थोडं," आई म्हणाली. पावसाचं पाणी आत येत होतं, आणि ती अनवाणी पायांनी ते पुसत होती.

त्यानं खिशातला टेस्टर दाराला टेकवला. टेस्टरमधला दिवा लालभडक पेटला. धम्मरत्नला आनंद झाला. सिद्धेश चुकला होता. तो आनंद गोड घोटासारखा घशाखाली उतरत असतानाच त्याला दिसलं, की आईचा ओला हात दारापासून वीतभर अंतरावर आहे.

बुटांनिशी आत जाऊन त्यानं मेन स्विचचा दांडा खाली ओढला. घर काळवंडलं. मोबाइलच्या उजेडात त्यानं बोर्ड उघडला. पडणारा स्विच बाजूला ठेवून वायर सरळ पुढे जोडलेली, वर काळी टेप.

त्यानं बॅगेतून कंपनीचं लाल कुलूप काढलं, स्वतःच्या फोटोच्या बिल्ल्यासकट. कंपनीत रीतच तशी होती. मशिनमध्ये ज्याचा हात, त्याचं कुलूप मेनवर, म्हणजे मध्येच कुणी वीज चालू करू नये. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. दांड्याच्या भोकात त्यानं ते अडकवलं आणि किल्ली खिशात टाकली.

"घराला कुलूप लावलेलं पाह्यलंय मी, उजेडाला लावणारा तूच," आई म्हणाली. "आणि हा फोटो कशाला? हार घालू का त्याला?"

तिनं लगेच फोन लावला. कुणाला, हे विचारायची गरज नव्हती.

सिद्धेश भिजत आला, हातात कटर.

"रत्नादादा, किल्ली द्या राव. नाहीतर तोडतो."

"कंपनीत तोडशील असं कुणाचं कुलूप?"

"कंपनीत माझी मावशी अंधारात बसलेली नसते."

माझी मावशी! धम्मरत्ननं मोबाइलचा उजेड त्या टेपवर धरला.

"हे तुझंच काम ना?"

"सारखा पडायचा तो, दादा. मावशी म्हणायची, रत्नाला वेळ नाही."

"वरची वायर घासलीय कुठंतरी. ओल आली की पत्र्यात करंट उतरतो, म्हणून पडायचा तो. तू त्यालाच बाजूला काढलंस. आत्ता दारात करंट होता."

बाहेर वीज चमकली. क्षणभर आईचे ओले, अनवाणी पाय दोघांनाही स्पष्ट दिसले. सिद्धेशनं कटर काखेत धरला आणि निघून गेला. जिंकलो, असं धम्मरत्नला वाटलं.

पण तो परत आला, हत्यारांच्या पेटीचं पितळी कुलूप घेऊन. लाल कुलपाशेजारी, त्याच भोकात, जेमतेम ते बसलं.

"माझाही हात होता आत," तो म्हणाला. "पाऊस उघडला की वायर दोघं मिळून बदलू. स्विच परत जोडू. तोवर एकट्यानं कुणीच नाही उघडायचं."

"बघ," अंधारातून आई म्हणाली, "चुकलं तर पोरानं सरळ कबूल केलं. पहिल्यापासून शहाणाच आहे तो."

धम्मरत्ननं खिशातली किल्ली तळव्यात रुतेपर्यंत दाबली. "रविवारी येतो" म्हणत आपणच टाळत राहिलो, हे कबूल करायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण आता तो बोलला असता तर कबूल करण्यातही सिद्धेशनंतरचा, दुसरा ठरला असता.

"मी आज इथंच राहतो," तो म्हणाला.

"राहा की. सिद्धेश, तूही थांब बाळा, चहा टाकते."

गॅसच्या निळ्या ज्योतीवर चहा उकळला. आईनं दोन कप भरले, आणि कुठल्या कपात जास्त पडतो, ते धम्मरत्न तेवढ्या उजेडातही बघत राहिला.