दोन नंबरचा यजमान

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. कुणाबद्दल चार ओळी लिहाव्यात एवढा माझा अधिकार नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतकी परतीची काळजी करणारा माणूस बदलापूर ते उल्हासनगर या पट्ट्यात दुसरा नसेल, एवढं मी नक्की सांगू शकते.

बारवी धरणावर गेलो तेव्हा भावोजींनी उतरायच्या आधीच रिक्षावाल्याला परतीचं विचारलं. तो "बघू" म्हणाला. झालं, आम्ही रिक्षात बसूनच धरण पाहिलं आणि तसेच परत आलो. ताईने नवा कुकर आणला तर जुना महिनाभर ओट्यावरच, नवा बिघडला तर म्हणून. ताई म्हणायची, "लग्नाच्या वेळी नाही सुचलं हे?" ते गंभीरपणे म्हणायचे, "तिथे सोय नव्हती."

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ते सर्व्हर सांभाळायचे. एका मोठ्या मशीनच्या पोटात बरेच कॉम्प्युटर चालतात, हे मला त्यांनीच समजावलं. मशीन म्हणजे यजमान, आतले ते पाहुणे. यजमानाला अधूनमधून सॉफ्टवेअरचा पॅच लावावा लागतो. भावोजी त्याला ठिगळ म्हणत. ठिगळ वाईट निघालं तर पाहुणे शेजारच्या यजमानाकडे हलवायचे आणि रिकाम्या यजमानाला जुन्या आवृत्तीवर परत न्यायचं. "पाहुणे घरात असताना पाया उकरू नये," ते म्हणत.

एकदा असंच एक ठिगळ आलं. एकाच मशीनला लावून आठवडाभर बघू, असं भावोजींचं म्हणणं होतं. साहेब म्हणाले, "सगळ्या जगाने लावलंय, तुम्ही काय मुहूर्त बघताय?" म्हणून तीनपैकी दोघांना लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मशीन गोठली. बिलं निघेनात, गेटवर ट्रक अडकले. भावोजींनी वॉचमनला सांगितलं, घरी कळव, यजमान आडवा झालाय, पाहुणे हलवतोय. वॉचमन अदबीचा माणूस. त्याने निरोप दिला, "यजमान आडवे झालेत, पाहुण्यांना हलवतायत. जेवायला वाट बघू नका."

ताई तेव्हा आमच्याकडे कुळगावला आलेली, आणि तिचा फोन आईने घेतला. आई आम्हा दोघींना रिक्षात घालून थेट कारखान्याच्या गेटवर. भावोजी चालत बाहेर आले.

"जावईबापू, तुमी आडवे झालात ना?"

"मी नाही हो, आधी एक नंबरचा, मग दोन नंबरचा यजमान."

आई ताईकडे वळली. "दोन नंबरचा?"

ट्रकवाल्यांसकट सगळे हसले. भावोजीही हसले, आणि आत जाऊन दुपारपर्यंत दोन्ही मशीन त्यांनी जुन्या आवृत्तीवर आणली. सगळं सुरळीत चालू झालं, आणि तिथेच ते फसले. जुन्या आवृत्तीत दोष नव्हता, त्यामुळे ठिगळात दोष होता हे दाखवायला काही उरलंच नाही. साहेब म्हणाले, ठिगळ चांगलंच होतं, यांनीच गोंधळ घातला. चौकशी होईपर्यंत त्यांना स्टोअरमध्ये पाठवलं.

तिथे ते डबे रचायचे. सर्व्हर रूममध्ये परत बोलावतील म्हणून फोन कायम हातात. चौकशीचं कुणी नावही काढेना. मी विचारलं तर म्हणाले, "खरंच चुकलो असतो ना, तर एवढा थकलो नसतो गं."

चार महिन्यांनी एका रविवारी त्यांचा जुना सहकारी विठ्ठलवाडीहून बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला. चहा पिता पिता सहज म्हणाला, "ते ठिगळ मागे घेतलं ना बनवणाऱ्या कंपनीनेच. सदोष आहे, काढून टाका, अशी मेल आली सगळ्यांना."

"कधी?" भावोजींनी विचारलं.

"तुम्ही स्टोअरला गेलात ना, त्याच्या पुढच्याच आठवड्यात."

मेलच्या यादीतून भावोजींचं नाव बदलीच्याच दिवशी काढलं होतं. ताईच्या हातातला ट्रे तसाच राहिला. तो बिचारा खाली बघत म्हणाला, "आम्हाला वाटलं, तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल."

भावोजींनी मान हलवली, चष्मा लावला आणि पत्रिका उघडली. तिच्यात वाचण्यासारखं फार नव्हतं, तरी ते बराच वेळ वाचत राहिले.