गोठ्याचा पत्ता

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत मी नोकरीला होतो. इंटरनेटवर प्रत्येक जोडणी ओळखायला आकड्यांचा पत्ता लागतो; जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे पडत, म्हणून आम्ही बऱ्याच घरांना मिळून एकच पत्ता द्यायचो. त्यामुळे घरात बसून जग दिसायचं, पण बाहेरून त्या घरातलं एखादं यंत्र गाठता येत नसे. राधानगरीकडच्या एक मावशी याला वैतागल्या होत्या. गाभण म्हशीसाठी त्यांनी गोठ्यात कॅमेरा बसवला होता, पण कोल्हापुरात लेकीकडे आल्या की मोबाईलवर काहीच दिसत नव्हतं.

पुढे आम्ही त्यांचं गाव नव्या पद्धतीवर नेलं. तिथं प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो. मावशी ऑफिसात आल्यावर मी तो लांबलचक पत्ता त्यांच्या मोबाईलमध्ये भरू लागलो.

"एवढा मोठा? असलं पत्तं संपत न्हाईत व्हय?"

"आपल्या हयातीत तरी नाही, मावशी."

तेवढ्यात गोठा दिसला. म्हशीशेजारी ओलं रेडकू उभं राहायला धडपडत होतं.

"व्याली की!" मावशी ओरडल्या आणि त्यांनी शेतात असलेल्या नवऱ्याला फोन लावला. थोड्या वेळानं ते धावत गोठ्यात शिरताना आम्हाला दिसले. असे पत्ते मी रोज भरत होतो, पण त्यांच्या पलीकडे काय असतं हे पहिल्यांदाच बघत होतो. मी खुर्ची आणखी पुढे ओढली.