व्हर्लिनने रंगवलेला डॉलर

ओहायोतल्या काचेच्या कारखान्यात व्हर्लिन केसलरने एकतीस वर्षं भट्टीवर काढली. बायको गेल्यावर त्याला चांदीवर रंग चढवायचा नाद लागला. आधी चांदीच्या लहान विटांवर हात बसवला, मग डॉलरच्या जुन्या चांदीच्या नाण्यांवर. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून नाण्याशेजारी बंद पिशवीत ठेवायचा आणि बघत बसायचा. आधी सोनेरी झाक, मग जांभळी, मग निळी. जरा जास्त वेळ झाला की नाणं काळंठिक्कर.

जुन्या नाण्यावर आपोआप चढलेल्या रंगाला हौशी लोक भरमसाट पैसे मोजतात, मुद्दाम चढवलेल्याला नाही. म्हणून नाण्यांच्या प्रदर्शनात विकताना तो प्रत्येक पाकिटावर स्वतः लिहायचा, ‘रंग मी चढवलेला आहे.’ पुढे कोणी पाकीटच बदलेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

मार्चमध्ये भट्टीवरचा त्याचा जोडीदार ड्वेन फुप्फुसाच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळला. व्हर्लिन भेटायला गेला, तेव्हा ड्वेनने उशीखालून एक डॉलर काढला. मासेमारीची होडी विकून घेतलेला. शंभर वर्षं कापडी थैलीत पडून आपोआप रंगलाय, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. मुलीसाठी, जोलीनसाठी, मागे ठेवायचा होता.

नाण्यावरच्या बाईच्या गालावरचा तिरपा ओरखडा व्हर्लिनने ओळखला. छान आहे म्हणाला आणि घरी आला.

दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. मरणाऱ्याला सुखाने जाऊ द्यावं, असं वाटे. पण उद्या जोलीन ते नाणं घेऊन दुकानात जाईल आणि चारचौघांत तोंडावर पडेल, हेही दिसे. तिसऱ्या दिवशी तो परत गेला.

“ड्वेन, तो रंग माझा आहे. माझ्या गॅरेजमधला.”

ड्वेनने नाणं खिडकीच्या उजेडात धरून उलटंपालटं केलं. “मग परवाच का नाही बोललास?”

“धीर झाला नाही.”

“आज बरा झाला. थोडेच दिवस उरलेत माझे, लेका. तेवढे काढू द्यायचे होतेस.”

मी ते परत विकत घेतो, असं व्हर्लिन म्हणाला. ड्वेनने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर नवव्या दिवशी ड्वेन वारला.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. जोलीन व्हर्लिनजवळ आली. बाबांनी शेवटच्या आठवड्यात एक डॉलर टूथपेस्टने घासघासून पांढरा केला, कोणाला हात लावू दिला नाही, असं ती म्हणाली. “त्यांनी असं का केलं असेल, काका?”

व्हर्लिनने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हातातली बशी टेबलावर ठेवली आणि पलीकडच्या बायकांत जाऊन बसली.

तो स्वयंपाकघरात गेला, बाह्या सारल्या आणि खरकटी भांडी घासायला लागला.