दौंडच्या बाकावरचा जपानी

अजिंठ्याला निघालेला तो जपानी दौंडच्या फलाटावर मनमाडच्या गाडीची वाट पाहत बसला होता. गुडघे जुळवलेले, टोपी मांडीवर, हेडमास्तरांसमोर बसावं तसा ताठ. शेजारी भांडगावचे एक फौजी पेन्शनर आबा होते. त्यांची नजर त्याच्यावरून हलेना. शेवटी ते मला म्हणाले,

"मास्तर, तुमाला इंग्रजी येतं. ह्याला सांगा, माझा भाऊ ब्रह्मदेशात ह्यांच्या गोळीनं गेला. आन् इचारा, अमेरिकेनं एवढे बॉम्ब टाकले, तरी तिच्याशी दोस्ती कशी करवती?"

शब्द जरा मऊ करावेसे वाटले. पण आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी जसंच्या तसं विचारलं.

तो उठला आणि आबांपुढे कमरेत वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला. मग म्हणाला, "दोस्ती सरकारची आहे. लढाईनंतर आईनं आम्हाला अमेरिकेच्या गव्हावर जगवलं. पण त्यांच्या पुढाऱ्याचा फोटो छापून आला, की ती अजून पेपर पालथा घालते."

मी ते मराठीत सांगितलं. आबांनी शिदोरीचं फडकं सोडलं, तांबडी भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्यापुढे धरली.

"घ्या म्हनावं. ही बी अमेरिकेच्याच मिलोची हाय, दुष्काळात रेशनवर आलेल्या तांबड्या जवारीची."