गाणारी एकच आहे

“तक्रारीत ‘थोडं चालतं’ असं लिहिलं, की कोणी येत नाही,” असं गोपीनाथ पिंपळापुरे एकदा म्हणाले होते. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहिले तोवर त्यांनी हे वाक्य पाळलं.

तक्रार लिहावी तर त्यांनीच. कोणाचा नळ गळला, कोणाची खिडकी लागेना, की माणसं त्यांच्या क्वार्टरकडे वळत. मेंटेनन्स ऑफिसला निम्मंच ऐकू येतं, म्हणून आपण दुप्पट सांगायचं, एवढं साधं त्यांचं शास्त्र. एका गळक्या नळासाठी त्यांनी ‘घरात पाणी शिरून लहान मुले आजारी’ असं लिहिलं. त्या घरात लहान मुलं नव्हती.

“असती तर पडली असती,” ते म्हणाले. प्लंबर दुपारीच आला.

निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं आणि ते भोपाळमध्येच, बाग सेवनिया भागात राहायला आले. मनोरमाबाईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, बोटं संधिवातानं आखडली होती. तानपुरा जुळवणं बंद झालं आणि त्यामागोमाग गाणंही. मग अरेरा कॉलोनीत राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं, वैजयंतीनं, फोनवर तानपुऱ्याचं एक फुकटचं ॲप टाकून दिलं. घरात पुन्हा षड्ज आला. टाउनशिपच्या मराठी मंडळानं बाईंना वर्धापनदिनाला गायला बोलावलं.

अडचण एकच होती. स्क्रीन काळी झाली की तानपुरा गप्प व्हायचा. म्हणून संध्याकाळी गोपीनाथराव शेजारी बसायचे आणि फोन झोपू लागला की त्याला बोट लावायचे. कधी त्यांनाच डुलकी लागायची. सूर तुटायचा आणि बाई थांबायच्या.

“घरात ठीक आहे. लोकांपुढे तुटला तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही,” त्या म्हणाल्या. “मंडळाला नाही कळवून टाका.”

“थांब, लिहितो,” गोपीनाथराव म्हणाले.

त्यांनी लिहिलं आणि वैजयंतीनं ते इंग्रजीत करून ॲपच्या पानावर टाकलं: ‘आपला तानपुरा सुरू होताच बंद पडतो. भोपाळमधील समस्त गायकवर्ग हवालदिल आहे.’

दोन दिवसांनी उत्तर आलं. ॲप बनवणारा योरान नावाचा कोणी परदेशी माणूस होता. वाईट वाटलं, माझ्याकडे मात्र नीट वाजतोय, तुम्ही नेमकं काय करता आणि मग काय होतं ते सांगाल का, असं त्यानं विचारलं होतं.

“टोलवलं,” गोपीनाथराव म्हणाले.

“बाबा, टोलवलं नाही. विचारलंय.”

“याच्या वरचा कोण? त्याला प्रत पाठव.”

“वर कोणी नाही. ऑफिसच नाही हो. तो नोकरी दुसरीकडे करतो आणि हे हौसेनं चालवतो. कोणीही त्यात दुरुस्ती करू शकतं. आपल्याला ते येत नाही, तर कुठे बिघडतं तेवढं तरी नीट सांगायचं.”

ज्याला बढती नाही, पगार नाही, वरचा साहेब नाही, अशा माणसाला घाबरवायचं कशानं, हे गोपीनाथरावांना सुचेना.

“सकाळी कुठे बंद पडतो?” स्वयंपाकघरातून मनोरमाबाई म्हणाल्या. “सकाळी तर तुम्ही पेपर वाचत असता. फोन चार्जरला असतो, स्क्रीन काळीच असते आणि तो वाजत असतो.”

“ते लिहायचं नसतं.”

“मग चार्जर लावूनच गाऊ दे आईला,” वैजयंती म्हणाली.

“मंडळाच्या स्टेजवरचं सॉकेट बंद आहे,” गोपीनाथराव म्हणाले.

“त्याची तक्रार तर तुम्हीच केली होती ना?”

केली होती. ‘संपूर्ण सभागृह अंधारात’ असं लिहिलं होतं. माणूस आला, सगळे दिवे लावून बघितले, सगळे लागले आणि तो निघून गेला. सॉकेटकडे कोणी पाहिलंच नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी चार्जर लावून पाहिलं, काढून पाहिलं आणि मग पुन्हा लिहिलं: ‘चार्जर लावलेला असताना बंद पडत नाही. चार्जर नसताना स्क्रीन काळी झाली की थांबतो. बोट लावले की पुन्हा वाजतो. न थांबता वाजावा अशी अपेक्षा. भोपाळच्या गायकवर्गाबद्दल लिहिले ते खरे नाही. गाणारी एकच आहे.’

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी योरानचं उत्तर आलं: दोष सापडला, नवीन ॲप घ्या, आभार. आभारांवर गोपीनाथराव अडले. “हे कशाबद्दल?” त्यांनी मुलीला विचारलं. मेंटेनन्स ऑफिसनं असलं कधी केलं नव्हतं.

मंडळात ते सवयीनं स्टेजवर, फोनशेजारीच बसले. बाईंनी यमन धरला. स्क्रीन मंद झाली, काळी झाली. गोपीनाथरावांचं बोट पुढे झालं आणि अधांतरी राहिलं. तानपुरा वाजतच होता. मनोरमाबाईंनी डोळे मिटले होते. त्या निषादावर थांबल्या, आणि षड्जावर आल्या तेव्हाही त्यांनी डोळे उघडले नाहीत.

गोपीनाथरावांनी बोट मागे घेतलं आणि थोडा वेळ मांडीवर ठेवलं. फोनपाशी आता त्यांचं काही काम उरलं नव्हतं. मग ते उठले, स्टेजच्या बाजूच्या पायऱ्या उतरले, दाराशी चपला शोधल्या आणि बाहेर पडले.