अनुवादात मी बदललेला रंग

हे वाचून कोणी म्हणेल, सिंगापूरला जाऊन ही बाई भुताखेतांच्या नादी लागली. अहो, मी केमिस्ट्री शिकवणारी बाई... दाराला लिंबू-मिरचीसुद्धा टांगू दिली नाही कधी!

इथे आंग मो किओ भागात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये टॅन आंटी राहतात. सत्तरीच्या, चिनी भाषेत कथा लिहितात. त्यांची एक कथा इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी मराठीत करत होते, त्यांच्या नातीने केलेल्या इंग्रजीवरून. कथेत नवरा बायकोला मारून टाकतो आणि सासू प्रेताला पांढरे कपडे घालते. इथे मी अडले. नवरा जिवंत असताना सवाष्णीला पांढरं? कसं दिसतं ते! अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले आणि सरळ 'लाल' लिहून टाकलं. दुपारचे दोन वाजले असतील. कोणाला बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंटी लिफ्टपाशी भेटल्या. चेहरा उतरलेला.

"माय ब्रदर-इन-लॉ यस्टरडे टू ओ'क्लॉक स्टार्ट स्क्रीमिंग. ही से, शी कम ऑलरेडी, वेअरिंग रेड."

मग त्यांच्याकडूनच सगळं कळलं. कथा खरी होती. मेलेली बाई म्हणजे आंटींची मोठी बहीण, आणि हा म्हातारा तिचा नवरा. वरच्याच मजल्यावर पुतण्याकडे राहतो. पन्नास वर्षांपूर्वी 'जिन्यावरून पडली' म्हणून सगळं मिटवलं होतं. लाल कपड्यांत गेलेली बाई सूड घ्यायला परत येते, असं त्यांच्यात मानतात. म्हणून सासूने मुद्दाम पांढरे घातले.

 घरात शिरल्या शिरल्या 'पांढरे' केलं. संध्याकाळी आंटी म्हणाल्या, सकाळीच तो शांत झाला, पेज प्यायला. योगायोग... असेलही. पण फाइल माझ्या लॅपटॉपवर, तीही मराठीत!

न राहवून मी आंटींना खरं ते सांगितलं. वाटलं, रागावतील. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"चेंज बॅक टु रेड, लाह. माय सिस्टर वेट फिफ्टी इयर्स ऑलरेडी."

मला नाही जमलं. एका माणसाचा जीव असा माझ्या हातात नको होता. मी कथाच अंकातून काढून घेतली. आंटी आता समोर आल्या तरी मान वळवतात, आणि मला त्यांचा राग येत नाही, स्वतःचाच येतो. वर म्हातारा दोन्ही वेळा जेवतो.

हे कसं घडलं, आजही सांगता येत नाही. पण खरं सांगू? ती फाइल मी अजून डिलीट केलेली नाही.