निघोज्यातली लोकसभा

देशाची लोकसभा दिल्लीत भरते असं पुस्तकांत असतं. मी पुस्तकं वाचलेली बाई आहे, आमच्या खानदानातली पहिली पदवीधर, तरी सांगते: ती निघोज्यात, आमच्या घरमालक काकांच्या पुढच्या खोलीत भरायची. त्यांच्या चाळीत आम्ही आलो तेव्हा आमचे हालच होते. वडील बीडकडचे, चाकणजवळच्या एका शेडमध्ये पत्रा दाबायच्या प्रेसवर, ठेकेदाराकडे. त्या प्रेसनं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली. ठेकेदारानं मलमपट्टी केली, मशीनवर दुसरा माणूस उभा केला आणि वडिलांच्या हातात झाडू दिला. तेव्हापासून तो हात खिशात असायचा. आई लोकांची भांडी घासायची आणि मी शिकत होते.

काका त्याच ठेकेदाराकडे, शेजारच्याच प्रेसवर होते. जमीन कंपन्यांत गेलेली, उरल्या चाळीच्या खोल्या आणि ही नोकरी. कायम दुसरी शिफ्ट मागून घेतलेली, कारण सकाळी अकराला टीव्हीवर प्रश्नोत्तराचा तास. त्या तासात चाळीत कुणी मिक्सर लावायचा नाही. काकूंना ते 'अध्यक्ष महोदया' म्हणत आणि भाजी कुठली करायची यावर आवाजी मतदान घेत. काकू "बसा खाली" म्हणून वांगीच करत. मग काका सभात्याग करून टपरीवर चहाला जात. एकदा नळाच्या पाळीवरून बायकांची भांडणं लागली, तेव्हा काकांनी रीतसर विधेयक मांडलं. तीन वाचनं झालीच पाहिजेत म्हणाले. दुसऱ्या वाचनाला पाणी गेलं.

सभागृहात गोंधळ झाला की काकांना भारी आनंद. खासदार फलक घेऊन पुढच्या मोकळ्या जागेत उतरले की ते खाटेवर उभे राहायचे. मी एकदा म्हटलं, काका, यात कामाचा वेळ जातो. तर म्हणाले, "आवाज नाही ते घर कसलं गं? मुकं घर वाईट."

हेच काका शेडमध्ये मात्र मुके. वडिलांचा हात अडकला तेव्हा ते दोन हातांच्या अंतरावर उभे होते. हात आत जाऊ नये म्हणून लावतात ती जाळी मशीनला नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. शेडच्या साहेबांनी हात कसा अडकला विचारलं तेव्हा ते खाली बघत राहिले. वडिलांनी त्याचा कधी राग धरला नाही. काकांनी स्वतःवर धरला असावा, कारण त्यानंतर ते खासदारांच्या चिंचवडच्या कार्यालयात खेटे घालू लागले. ठेक्यावरच्या कामगारांची बोटं जातात, त्यावर सरकार काय करतं, एवढं लोकसभेत विचारा, म्हणायचे. तिथला सेक्रेटरी त्यांना बघून आत पळायचा. शेवटी कंटाळून त्यानं खासदारांच्या नावानं प्रश्न पाठवला, आणि नशीब असं की सोडतीत तो तोंडी उत्तराच्या यादीत वर लागला.

त्या सकाळी अख्खी चाळ काकांच्या खोलीत. वडील लग्नातला शर्ट घालून पुढं बसले, हात खिशात. काका त्यांना म्हणाले, "आज दिल्लीत तुझ्या बोटांचं विचारत्यात, दोस्ता." अकरा वाजले. अध्यक्ष आले. लगेच फलक, घोषणा, सगळे उतरले पुढं. कशावरून होतं ते आता आठवत नाही, पण गोंधळ जोरदार होता, काकांना आवडायचा तसाच. ते खाटेवरून उठले नाहीत. थोड्या वेळात कामकाज बारापर्यंत तहकूब. प्रश्नोत्तराचा तास संपला.

वडिलांनी विचारलं, "मंग आपला प्रश्न?"

"पटलावर ठिवला," काका म्हणाले. "लेखी उत्तर येतंय."

उत्तर मी मोबाइलवर वाचून दाखवलं. कायदा आहे, अंमलबजावणी राज्यांकडे आहे, माहिती गोळा केली जात आहे. मी दोनदा वाचलं, कारण काकांना वाटलं मी काहीतरी गाळलं.

पुढचं वडिलांनी सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू होताना शेडचे मालक फेरीला आले. काकांनी मशीन बंद केलं आणि समोर उभे राहिले. "शेठ, माझा एक प्रश्न हाय. या मशीनला जाळी का न्हाई?"

शेठ हसून म्हणाले, कामाला लागा.

"उत्तर मिळंस्तवर न्हाई."

एकेक करत बाकीच्या प्रेस थांबल्या. शेडमध्ये इतकी शांतता वडिलांनी पहिल्यांदाच ऐकली. काका सगळ्यांकडं वळून म्हणाले, जाळी बसवावी असं ज्यांचं मत असंल त्यांनी हात वर करा. वडिलांनी झाडू भिंतीला टेकवला आणि हात वर केला. उजवा.

ठेकेदारानं त्याच आठवड्यात काकांना घरी बसवलं. टीव्ही अजून लागतो अकराला, पण आवाज बारीक. गोंधळ झाला तरी ते उठत नाहीत. काकू सवयीनं स्वयंपाकघरातून "बसा खाली" म्हणतात. ते आधीच बसलेले असतात. वडील कामावर जाताना त्यांच्या दारात घडीभर थांबतात.

शेडमधल्या सगळ्या प्रेसना आता जाळी आहे. त्यानंतर तिथं कुणाचं बोट गेलेलं नाही.